विजयेचे औषध आणि मुदतीचा कागद

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्याचा जो डोंगराळ मुलूख सातमाळ्याच्या रांगांनी व्यापलेला आहे, त्यात उटनूरच्या परिसरात नार्नूर हे गाव वसलेले असून, आज ते तेलंगण राज्यात मोडत असले तरी त्याच्या बाजारात ऐकू येणारी भाषा कोणत्याही एका राज्याच्या सीमेत मावणारी नाही. गोंड आणि कोलाम आपापल्या भाषा बोलतात, लंबाडे आपली बोली बोलतात, आंध जमातीच्या घरांत मराठीच नांदते, सरकारी दफ्तर तेलुगूत चालते, आणि या सर्वांच्या देवघेवीत मराठी इतकी मुरलेली आहे की, १९४० नंतरच्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने जवळच्याच मार्लवाई येथे गोंड मुलांचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी भाषेच्या पाठ्यपुस्तकांसाठी देवनागरी लिपीच पसंत करण्यात आली. अशा मुलुखातील रोगी औषधासाठी घराबाहेर पडतो तेव्हा त्याची गाठ केवळ वैद्याशी पडत नाही. ती कागदाशी पडते, आणि तो कागद बहुधा त्याच्या घरातील भाषेत नसतो. भांग आणि गांजा या एकाच वनस्पतीच्या औषधी उपयोगाचा इतिहास मी येथे याच दृष्टीने पाहू इच्छितो: हे औषध मुळात वैद्याच्या पुनःपुन्हा होणाऱ्या निरीक्षणाने बांधलेले होते, ते हळूहळू मुदतीच्या कागदाने बांधले गेले, आणि या स्थित्यंतरात रोग्याकडे पाहणारा डोळा कोठे गेला, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही वनस्पती भंगा, विजया अशा नावांनी येते. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत शरीरात आधी व्यापून मग पचणाऱ्या, म्हणजे व्यवायी, द्रव्यांचे उदाहरण देताना भंगेचे नाव अफूच्या जोडीने घेतले आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने भावप्रकाशात तिचे पाचक, ग्राही, उष्ण आणि मोहकारक असे गुण एकत्र नोंदवले आहेत. गुण आणि दोष एकाच श्वासात सांगण्याची ही रीत महत्त्वाची आहे, कारण जे द्रव्य जठराग्नी वाढवते तेच बुद्धीला मोह घालते असे मानणाऱ्या वैद्याला ते रोग्याच्या हाती सोपवून मोकळे होता येत नसे. म्हणूनच भंगेला शोधनाचा विधी लागू झाला. पाने फडक्यात बांधून पाण्यात वारंवार धुवावीत, पाण्याचा हिरवटपणा जाईपर्यंत हा क्रम चालवावा, मग ती सुकवून गाईच्या तुपात मंदाग्नीवर परतावीत, अथवा बाभळीच्या सालीच्या काढ्यात शिजवून घ्यावीत, असे निरनिराळे प्रकार परंपरेत प्रचलित होते. संग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात भांग हा प्रधान घटक आहे. पण हे चूर्ण कोणास, कोणत्या अनुपानाबरोबर, किती दिवस द्यावे, याचे उत्तर केवळ पाठावरून मिळत नसे. ते रोग्याचे वय, बल, अग्नी आणि ऋतू पाहून ठरत असे, आणि ऋतू पालटला, भूक परतली वा झोप बिघडली की पुन्हा ठरत असे. औषधाच्या मात्रेला स्वतःची अशी कायमची मान्यता नव्हती. वैद्याने पुन्हा नाडी पाहिली म्हणजे ती मान्यता नव्याने मिळे, आणि न पाहिली तर सुज्ञ रोगी औषध आवरते घेई.

निजामाच्या राज्यात या परंपरेच्या शेजारी हकिमांची युनानी परंपरा राजाश्रयाने नांदत होती. भांगेचा समावेश असलेले माजून, म्हणजे औषधी पाक, युनानी औषधसंग्रहात प्रसिद्ध आहेत, आणि हैदराबादेत चारमिनारजवळ सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या काळात उभी राहिलेली निजामिया युनानी इस्पितळाची वास्तू त्या आश्रयाची साक्ष आजही देते. हकीमही मिजाज, म्हणजे रोग्याची प्रकृती, पाहून मात्रा ठरवीत, आणि त्यांचा नुस्खा हा एका व्यक्तीसाठी, एका अवस्थेसाठी लिहिलेला असे. तो बापाकडून मुलाकडे औषध म्हणून जाऊ शकत नसे. राजधानीतील ही विद्या नार्नूरच्या जंगलापर्यंत कितपत पोहोचली असेल याविषयी मला भ्रम नाही. तेथे मोहाची दारू, झाडपाला आणि गावचा जाणता यांचाच आधार मोठा होता. तरीही, जाणता असो वा हकीम, औषध देणारा माणूस आणि घेणारा माणूस पुन्हा समोरासमोर येणार हे गृहीत धरूनच औषध दिले जाई, ही गोष्ट दोन्हीकडे समान होती.

पाश्चात्त्य वैद्यकाने हे औषध हिंदुस्थानातूनच उचलले. विल्यम ब्रूक ओशॉनेसी या डॉक्टराने कलकत्त्यास वैद्यांच्या आणि हकिमांच्या व्यवहारावरून माहिती घेऊन, आधी प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर प्रयोग करून, धनुर्वात, संधिवात आणि बालकांचे आकडीचे विकार यांवर गांजाच्या अर्काचा उपयोग १८३९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर 'टिंक्चर' या रूपाने हा अर्क इंग्लंड-अमेरिकेच्या औषधालयांत गेला. मुंबईत विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींचा मोठा अभ्यास केला आणि वॉर्डेन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या १८९० ते १८९३ मधील ग्रंथात देशी व्यवहाराची तपशीलवार नोंद ठेवली. पण या अर्काला एक दोष शेवटपर्यंत चिकटून राहिला: एका कुपीतील औषध दुसऱ्या कुपीइतके प्रभावी असेलच याची शाश्वती नसे. वनस्पती कोठली, तोडणी केव्हाची, साठवण किती महिन्यांची, यांवर अर्काचे बल अवलंबून असे, आणि ते मोजण्याचे साधन नव्हते, कारण त्यातील प्रमुख मादक द्रव्याची शुद्ध स्वरूपात ओळख इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी पटवली ती १९६४ साली. तोवर डॉक्टरांचा विश्वास उडालेला होता. १९३२ च्या ब्रिटिश औषधकोशातून हे औषध वगळले गेले आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या कोशातूनही गेले. जे औषध प्रत्येक खेपेस नव्याने तपासून द्यावे लागते, ते शीशीवर नाव लिहून दुकानाच्या फळीवर ठेवण्याच्या व्यवस्थेत टिकू शकले नाही, असा मी या घटनेचा अर्थ करतो.

दरम्यान सरकारने या वनस्पतीकडे निराळ्याच नजरेने पाहण्यास आरंभ केला होता. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी गांजाच्या दुष्परिणामांचा प्रश्न उपस्थित केल्यावर हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, आणि त्या आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ साली जो सात खंडांचा अहवाल दिला, तो या विषयावरील आजवरच्या सर्वांत परिश्रमपूर्वक केलेल्या चौकशींपैकी एक आहे. पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचा असूनही १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता, त्यामुळे तो आयोगाच्या कक्षेत आला. अलीकडचा, म्हणजे आजच्या नार्नूरचा, मुलूख मात्र निजामाच्या खालसा अमलात राहिला. वैद्य-हकिमांच्या व्यवहारात हे औषध सर्वत्र आढळते, पोटाच्या विकारांवर, दम्यावर, आणि हिवतापाच्या प्रदेशात दूषित पाण्याच्या बाधेवर उपाय म्हणून लोक ते घेतात, असे आयोगास आढळले. मित सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना व कर यांचे नियंत्रण बरे, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अहवालातील एक प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांतील वार्षिक तक्त्यांत वेडाचे कारण म्हणून गांजाची नोंद मोठ्या प्रमाणात आढळे, आणि तिच्या आधारेच बंदीची मागणी होत होती. आयोगाने नुसते आकडे न स्वीकारता १८९२ सालच्या प्रत्येक रोग्याची हकीकत मुळापासून तपासण्याचे ठरवले. तेव्हा असे दिसून आले की, रोग्याला इस्पितळात आणणारा पोलीस शिपाई वा दंडाधिकारी जी माहितीची यादी भरून पाठवी, तीत कारणाचा रकाना रिकामा ठेवणे प्रशस्त मानले जात नसल्यामुळे तेथे ऐकीव माहितीवर गांजा असे लिहिले जाई, आणि इस्पितळाचा कारकून तेच नोंदवहीत उतरवी. पुढे डॉक्टर त्या नोंदीवरून वार्षिक तक्ता तयार करीत, आणि तक्ता छापून निघाला की तो शास्त्रीय पुरावा ठरे. गांजामुळे वेड लागल्याची जी २२२ प्रकरणे त्या एका वर्षाच्या तक्त्यांत होती, त्यांपैकी तपासाअंती अवघी ९८ टिकली, आणि त्यांतही काहींत इतर कारणे मिसळलेली होती. रोगी जिवंत, समोर बसलेला. त्याच्याविषयीचा कागद मात्र त्याला न पाहता लिहिलेला. ज्यांच्या अंगावर कधी असा कागद चिकटला आहे त्यांनाच त्याची दाहकता कळेल. त्या सदस्यांनी कागद बाजूला सारून माणसाची विचारपूस केली, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी कायमचा आदर आहे.

निजामाच्या राज्यात आबकारीची व्यवस्था निराळ्या वळणाने वाढली. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून तालुकदारांचा कारभार बसवला. सिरपूर-तांडूर या उपजिल्ह्याला १९०५ साली पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळून आदिलाबाद जिल्हा सिद्ध झाला. आणि निजामी राज्यातील फसली सन १३१६ च्या आबकारी कायद्याने मादक द्रव्यांचा सगळा व्यवहार परवाना, मक्ता आणि जप्ती या चौकटीत आला. अव्वल तालुकदार, मोहतमीम, गिरदावर, पटवारी अशी ही उतरंड होती, आणि तिच्या दृष्टीने भांग-गांजा हा मुख्यतः महसुलाचा विषय होता. परवान्यावर मक्तेदाराचे नाव आणि मुदत असे; जो ते द्रव्य औषध म्हणून घेणार त्याची प्रकृती त्या कागदावर कोठेही नसे. या उतरंडीचा जाच जंगलातील माणसाला जमिनीच्या, गुरचराईच्या आणि लाकूडफाट्याच्या बाबतीत इतका असह्य झाला की १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमराम भीम आणि त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले. तो लढा औषधाचा नव्हता. पण कागद हा आपल्या विरुद्ध लिहिला जातो अशी जी भावना या मुलुखात खोल रुजली, तिचे मूळ त्या काळात आहे, आणि दवाखान्याच्या दारापाशी रोगी आजही का घुटमळतो याचा विचार करणाऱ्याने ती विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर कागदाचा आणि वैद्यकाचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न अफूच्या बाबतीत झाला. १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय परिषदेने अफूचे बिगरवैद्यकीय सेवन दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरवले, आणि त्या धोरणात, ज्यांचा जीव अफूवाचून राहणार नाही असे वैद्यकीय तपासणीत ठरेल, त्यांची नोंदणी करून त्यांना नेमून दिलेले प्रमाण पुरवण्याची सोय राहिली. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही प्रकृतीच्या कारणास्तव परमिट देण्यासाठी वैद्यकीय मंडळांची तरतूद केली होती. डॉक्टरचा दाखला, त्यावर परमिट, परमिटावर मुदत, मुदत संपली की पुन्हा डॉक्टर, असे हे चक्र होते. तत्त्वतः ते निर्दोष आहे. व्यवहारात मात्र तपासणीचे महत्त्व उणावत जाऊन दाखल्याचे वाढत गेले, आणि सधन शहरवासीयास परमिट मिळवणे जितके सुलभ होते तितके ते खेड्यातील दुखणाइतास कधीच झाले नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट आणि राजुरा हा भाग मुंबई राज्यात गेला आणि उटनूर-नार्नूरचा भाग आंध्र प्रदेशात आला. एकाच डोंगरावरच्या सोयऱ्यांना दोन राज्यांचे दोन आबकारी कायदे लागू झाले. मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, ज्याने या वनस्पतीच्या बिगरवैद्यकीय वापरास २५ वर्षांची मुदत घातली. आणि त्या कराराला अनुसरून भारताने केलेला अमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. त्याने गांजा म्हणजे शेंड्यांचा मोहर आणि चरस म्हणजे राळ यांना कठोर बंधन घातले, बिया आणि शेंड्यांवाचूनची पाने व्याख्येबाहेर ठेवली, आणि वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचे दार कलमात उघडे राखले. पण कलमातले दार आणि दवाखान्यातले दार यांत बरेच अंतर असते. आज आदिलाबादच्या परिसरात कापूस-तुरीच्या ओळींत गांजाची रोपे सापडून गरीब शेतकरी तुरुंगात जातात. आणि त्याच वनस्पतीच्या पानांपासून केलेली आयुर्वेदीय औषधे परवानाधारक कारखान्यांतून विकली जातात. औषधनियमांच्या ई(१) या परिशिष्टात भंगेची गणना विषद्रव्यांत असल्यामुळे, पोटात घेण्याच्या अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा छापणे बंधनकारक आहे. शार्ङ्गधराच्या परंपरेतील वैद्य जे वागण्यातून पाळत होता, ते आता वेष्टनावरील एका ओळीत उरले आहे.

परदेशांत हे औषध डॉक्टरांच्या हाती परतले, तेही मुदतीसह. कॅनडात डॉक्टर जे वैद्यकीय पत्र देतो त्याची मुदत एका वर्षाहून अधिक असू शकत नाही. ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना ही औषधे लिहून देण्याची मुभा दिली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ही वनस्पती सर्वांत कठोर यादीतून काढली, तेव्हा भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिले. टोरांटो वा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील रुग्णाला या मुदतीचा त्रास होत नसेल असे नाही, परंतु त्याच्या आणि त्याच्या डॉक्टराच्या मध्ये घाट, ओढे आणि परकी भाषा उभी नसते.

नार्नूरची गोष्ट येथेच निराळी होते. गोंड, कोलाम, परधान या जमातींत सिकलसेलचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणात आढळतो. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना उसळतात. त्यावर हायड्रॉक्सियुरियासारखे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि ते रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने करूनच चालू ठेवता येते. वेदनेच्या तीव्र झटक्यात मॉर्फिनची गरज पडू शकते, ज्याच्या पुरवठ्यासाठी अमली पदार्थांच्या कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१५ च्या नियमांनी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची समान व्यवस्था देशभर लागू झाली. आज नार्नूरचा रोगी भांगेच्या औषधाची चिठ्ठी नूतन करण्यासाठी क्वचितच खटपट करील, पण वेदनेच्या औषधाची चिठ्ठी नूतन करण्याची त्याची खटपट अक्षरशः तीच आहे, म्हणून हा सगळा इतिहास मला त्याच्या दारापर्यंत आणावासा वाटला. उटनूरला जावे, तेथून आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय संस्थेत पाठवले जावे, रोजगार बुडावा, आणि गेल्यावर डॉक्टर बदललेला असावा, यात चिठ्ठीची मुदत निघून जाते. दूरध्वनीवरून सल्ल्याची जी नियमावली २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली, तिने असा दूरचा सल्ला कायदेशीर केला खरा, पण अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या वर्गातील औषधे त्या मार्गाने लिहून देण्यास मनाई केली. सावधगिरी म्हणून ती समजण्यासारखी आहे. मात्र तिचा भार सर्वांत दूरच्या रोग्यावर सर्वांत जड पडतो.

आता उपायाविषयी एक गोष्ट, कारण ती नियमांत आधीपासूनच आहे आणि तिची आठवण फारशी कोणी करून देत नाही. औषधनियमांतील ६५ व्या नियमाप्रमाणे चिठ्ठीवाचून न मिळणारे औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचे असते. परंतु डॉक्टराने त्याच चिठ्ठीवर हे औषध इतक्या वेळा, इतक्या अंतराने द्यावे असे लिहिले असेल, तर दुकानदाराने त्याप्रमाणे ते द्यायचे असते, आणि प्रत्येक वेळी डॉक्टराच्या सहीच्या वर आपले नाव, पत्ता व तारीख नोंदवायची असते. याचा अर्थ असा की, ज्या औषधांना अधिक कडक बंधन नाही त्यांच्यापुरते, किती दिवसांनी रोग्याला पुन्हा पाहणे आवश्यक आहे हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टराच्याच हाती ठेवला आहे. केंद्राच्या आकांक्षी ब्लॉक कार्यक्रमात नार्नूरचा समावेश झाल्यापासून तेथील आरोग्यसेवेकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले गेले आहे, ही आशेची बाब आहे. त्या लक्षातून महिन्याचा एक नेमलेला दिवस निघावा, त्या दिवशी शक्यतो तोच डॉक्टर नार्नूरच्या सरकारी दवाखान्यात बसावा, त्याने सिकलसेलच्या आणि दीर्घ वेदनेच्या रोग्यांची मात्रा तपासावी, आणि चिठ्ठीवर पुढील किती खेपांना औषध द्यायचे व रक्त पुन्हा केव्हा पाहायचे हे रोग्याच्या घरात जी लिपी वाचली जाते तीत, देवनागरीत वा तेलुगूत, आपल्या हाताने लिहावे. मॉर्फिनसाठीही उटनूर येथे मान्यताप्राप्त संस्थेचा साठा आणि तो देऊ शकणारा प्रशिक्षित डॉक्टर कायम उपलब्ध राहील अशी तजवीज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी करावी. २०१५ च्या नियमांनंतर त्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने गोळा करावे लागत नाहीत.